धुतलेली दुपटी

माझी मुलं लहान असताना मीही दवाखान्यातल्या अशाच बाकांवर बसून दिवस काढले आहेत. त्या दिवशी शेजारी एक सासू-सून होत्या. त्यांच्या आठ महिन्यांच्या बाळाला तपासायला आत नेलं होतं. सून आतून बाहेर आली.

“आई, डॉक्टरबाई पुन्हा विचारतायत, बाळ नक्की कधी पडलं?”

“सांगितलं ना, सकाळी. पलंगावरून.”

“कानाच्या वर मऊ टेंगूळ आलंय. पलंगावरून एवढं येत नाही म्हणाल्या. माझ्याकडेच बघत होत्या.”

“तुझ्याकडे कशाला?”

“सकाळी तो माझ्याजवळ होता ना. मी आंघोळीला गेले तेवढ्यात पडला, असं तुम्हीच सांगितलंत.”

“अगं... काल दुपारी पडला. ओट्यावर बसवला होता. दूध उतू जायला लागलं, म्हणून वळले.”

“उलटी झाली होती?”

“दोनदा. दुपटी धुऊन टाकली, तू कामावरून यायच्या आत.”

“मी आल्यावर विचारलं, आज इतका कसा झोपतोय? तुम्ही म्हणालात, आजीचं ऐकतो.”

“पुन्हा माझ्याकडे ठेवणार नाहीस, असं वाटलं गं.”

“आत जा आणि आत्ता सांगितलंत तसंच त्यांना सांगा.”

“तू येतेस ना बरोबर?”

“तुम्ही पुढे व्हा, आई.”