दाजीचा दिवा आणि काळी काच

आमचं गाव देवगडच्या बाजूला, बाप गेला तशी शाळा चौथीतच सुटली, आणि बोटीनं मुंबईला आलो तो डिलाईल रोडला, गावकऱ्यांच्या खोलीत. तिथं दाजी. काय सांगू तुम्हाला, सख्खा नव्हे, नात्यातला नव्हे, पण वळकटी टाकायला जागा त्यानं दिली, ताटात भात त्यानं वाढला, आणि मंडपवाल्याकडं दिव्याच्या कामाला त्यानंच लावलं. आज मी जो काही उभा आहे तो त्याच्यामुळं.

दिवा म्हणजे साधा नव्हे हो. लोखंडी पेटी, आत कार्बनच्या दोन कांड्या, टोकाला टोक लावून जरा लांब केलं की फस्स आवाज आणि असा पांढरा उजेड की शाहीर भर दुपारी उभा राहिल्यासारखा दिसायचा. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राचे जलसे सारखे, परळला, लालबागला, गिरगावात, आणि दिवा दाजीचा. मंडपवाल्याची ताकीद होती, झोत माणसांच्या डोळ्यांवर मारू नका, पेटीचं दार बंद ठेवा, उघडावं लागलंच तर काळी काच डोळ्यांसमोर धरा. दाजी झोताचं पाळायचा, दाराचं नाही. आमच्याकडं तिन्हीसांजेला दिवा लावला की त्याच्याकडं बघून हात जोडतात, तेच तो इथं करायचा, दार उघडून, रोज. मी काच पुढं केली की म्हणायचा, मेल्या, देवाच्या तोंडार काळी काच धरतंस?

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं त्याला, पाणी गळायचं, बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचा, बरं वाटायचं, पुन्हा तेच. मग एकदा जेवताना माझ्याकडं बघून म्हणाला, तुझे कान दिसतत रे, तोंड दिसणा नाय. मला वाटलं थट्टा करतोय. थट्टा नव्हती हो. जिथं बघेल तिथं मधोमध काळा डाग. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा भाजलाय, आता हे असंच राहणार.

दिवा माझ्याकडं आला. पेटवायच्या आधी दार मी तारेनं बांधायला लागलो. महाराष्ट्र झाला तेव्हा लालबागला कार्यक्रम होता, दाजीला हाताला धरून नेला. गुलाल, ढोल, माणसं हसतायत, रडतायत. दिवा लागला, त्यानं तो फस्स ऐकला आणि म्हणाला, आज तरी दार उघड रे, एकदाच दर्शन घेतंय. आता तुम्हीच सांगा, ज्यानं भात वाढला त्याला नाही कसं म्हणायचं? पण उरलंसुरलं तेही जाईल त्याचं. म्हटलं, दाजी, नको. म्हणाला, डोळे माझे, तुझ्या बापाचा काय जाता? मी तार सोडली नाही. त्याचा हात धरून पेटीची ऊब लागेल इतका जवळ नेला, म्हटलं इथनंच नमस्कार कर. त्यानं हात झटकला आणि दिव्याकडं पाठ करून बसला.

तेव्हापासून धड बोलत नाही. मी आपला सकाळी उठलो की एकेक डोळा झाकून खिडकीचे गज बघतो, सगळे दिसतात ना, रोज मोजतो. त्याचा राग असू दे, माझं आयुष्य त्याला लागो. भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो. पण संध्याकाळी मी कामाला निघालो, चपला सरकवल्याचा आवाज झाला, की न वळता विचारतो, काच घेतलंस मां?