कठड्यावरच्या चिंध्या

(सून परक्या घरी दारांना पॉलिश करते आहे. फोनवर सासू, आपल्या घरून.)

सून : कठडा लख्ख केलात म्हणजे? माझ्या चिंध्या होत्या तिथे!

सासू : त्याच उचलल्या सकाळी. पाहुणे यायचेत ना! दारातच ती लक्तरं, आणि वास तर असा, की नाक दाबून धरावं. बोळे करून कापडी पिशवीत कोंबल्या.

सून : पिशवी कुठंय?

सासू : पाळण्याखाली. तिथे कुणाची नजर जात नाही.

सून : आणि बाळ?

सासू : पाळण्यातच. आत्ताच डोळा लागलाय, गुणाची गं बाई.

सून : उचला तिला! आत्ताच्या आत्ता!

सासू : अगं, झोपमोड होईल...

सून : आई, पाया पडते. त्या चिंध्या आपोआप पेटतात.

सासू : काडी न लावता? तूच म्हणायचीस, त्यांना लागलेलं टर्पेंटाइन म्हणजे पाइनच्या झाडाच्या डिंकाचं तेल. झाडाचं ते, त्याला कसली भीती?

सून : त्यात जवसाचं तेल मिसळतो आम्ही. ते वाळताना तापतं. पसरलं तर वाऱ्यानं निवतं, कोंबलं की आतल्या आत धुमसतं. आणि टर्पेंटाइन तर पेटायला टपलेलंच असतं! आमच्या मिस्त्रींचं अख्खं दुकान असंच गेलं. उचललीत?

सासू : थांब, हा मेला गुडघा... घेतली. अगं बाई!

सून : काय झालं?

सासू : पिशवीला पाय लागला. इस्त्रीसारखी गरम आहे गं! धूर... धूर येतोय!

सून : हात लावू नका! बाहेर पडा, दार ओढा, शेजारच्या भाऊंना हाक मारा. ... आई? आई, बोला ना! आई!

सासू : ... आहे गं, आहे. भाऊंनी दोन बादल्या ओतल्या. विझली. जमीन तेवढी काळी झालीय.

सून : बाळ?

सासू : माझ्या खांद्यावर. घोरतेय लबाड.

सून : (हुंदके देत) फोन तिच्याजवळ धरा. घोरणं ऐकू दे मला.

सासू : रडू नकोस. चुकलं माझं. चार लोकांत लाज वाटायची गं मला, सून पॉलिशवाली म्हणून.

सून : माहीत होतं मला. चिंध्या पाण्यातच बुडवून ठेवा. मी निघालेच.

सासू : सावकाश ये. पाहुणे आलेच बघ. ... या, या! कठडा तेवढा मोकळा सोडा हं. तिथे आमच्या सुनेच्या चिंध्या वाळतात.