अजून नुसता प्रस्ताव आहे!

...आणि वर मलाच हसतात! मला, नागोजीला! तुम्हाला सांगतो, या अख्ख्या जॉर्ज टाउनात मला फसवणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही... आता जन्माला येऊन तरी करणार काय बिचारा, त्याचं काम मी स्वतःच उरकून ठेवतो ना! परवाचंच घ्या. नाही, परवाचं नंतर, आधी तो प्रस्ताव.

पालिकेचा प्रस्ताव असा, की मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत सूट, दुकान चिमुकलं असेल तर दुकानाला सूट, पण घरातच दुकान असेल तर? एक काय ते लिहून द्या! घर लिहिलंत तर दुकान बंद, दुकान लिहिलंत तर अख्ख्या घराला दुकानाची पट्टी! आता आमच्या गल्लीत दहा घरं, आणि दहाही घरांच्या पोटात काही ना काही. राममूर्तीच्या पुढच्या खोलीत झेरॉक्सचं यंत्र, महालक्ष्मीकडे ब्लाउज शिवणं, आणि आमच्या तिण्णैवर... तिण्णै म्हणजे दारापुढचा ओटा हो, आमचे पूर्वज तंजावरचे, निम्मी मराठी तिथंच सांडली... तर ओट्यावर आमच्या राजसबाईचे अप्पळम. उडदाचे पापड. तीस वर्षं लाटतेय. सगळी गल्ली घाबरलेली, आणि सगळे एकमेकांना समजावतायत, "अहो, अजून नुसता प्रस्ताव आहे!"

नुसता! वादळसुद्धा आधी नुसतं रेडिओवरच असतं की!

मग एक दिवस पलीकडच्या गल्लीत गेलो, तर काय... दारादारावर लाल खडूनं गोल, आणि गोलात फुली! कुणी काढली? माहीत नाही. कशाला? माहीत नाही. माणसं रस्त्यात उभी राहून आपल्याच दाराकडे बघतायत, परक्याच्या दाराकडे बघावं तसं. एक म्हातारी ओलं फडकं घेऊन पुसायला निघाली तर सुनेनं तिचा हात धरला, "नका पुसू, पुसल्याचा दंड असला तर?" मी तिथून काढता पाय घेतला. आणि मला भीती वाटली की काय होतं? खोडी सुचते! पाचवीत मास्तरांच्या छडीची भीती वाटली, छडीला एरंडेल लावून ठेवलं. शाळा तिथंच संपली.

तर दुपारी जेवून गल्ली आडवी झाली, तसा मी उठलो, लाल खडू घेतला, आणि नऊच्या नऊ दारांवर गोल आणि फुली! दहावं आमचं. त्यावर मी काढीन होय?

चारला गल्ली उठली. अहो, काय ती मजा! राममूर्ती धावत आला, "नागोजी मामा, फुली म्हणजे काय हो?" मी आवाज उतरवून म्हटलं, "सगळ्यांनाच आली नाही बाबा... ज्याला आली, त्यानं समजून जावं." तो ओट्यावर मटकन बसला, पाणी मागितलं. महालक्ष्मीनं शिवणयंत्रावर चादर टाकली, वर उदबत्ती लावली. मी म्हटलं, "घाबरताय काय एवढे? अजून नुसता प्रस्ताव आहे!"

हसलो हो. दोन दिवस पोट धरून हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोजणीवाला आला. वेंकट नावाचा, खांद्याला पिशवी, हातात फीत, आवाज इतका मऊ की अंगावर काटा यावा. पहिलं दार बघितलं, पुढे. दुसरं बघितलं, पुढे. नऊ दारं झाली आणि माझ्यापुढे येऊन थांबला.

"या गल्लीत तुमचं एकच राहिलं, सार."

"आणि बाकीची?"

"झाली की. मापं घेतली की आमची माणसं फुली मारतात."

तुम्हाला सांगतो... समोर नऊ दारं, नऊ दारांत नऊ घरची माणसं, कुणी हलत नाही, महालक्ष्मीच्या हातात कात्री तशीच उघडी. खरं सांगावं तर नऊ घरं मोजणार. गप्प बसावं तर माझं एकट्याचं. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. जन्मात पहिल्यांदा!

त्यानं फीत लावली. ओटा मोजला, ओट्यावरचा पोळपाट मोजला, वाळत घातलेल्या अप्पळमांना वळसा घालून मोजलं. "दुकान आहे?" मी म्हटलं, "छे हो, आमची मंडळी हौसेनं लाटते," आणि त्याच घटकेला मागून कोण ओरडावं, "राजसबाई, शंभरचं पुडकं द्या, आणि मागच्यासारखे जाड नकोत!"

वेंकट हसलासुद्धा नाही. कागद ठेवला. "घर तुमच्या नावावर ना? मग सोमवारपर्यंत घर की दुकान, एकावर खूण करून सही द्या. घाबरू नका सार, अजून नुसता प्रस्ताव आहे."

तो गेला. नऊ दारं हळूच लागली, आतून कुणीतरी फिसकन हसलं, तो राममूर्तीच! मी कागद घेऊन राजसबाईपाशी बसलो. तिचं लाटणं चालूच. म्हटलं, "अगं, घर लिहिलं तर तुझं हे बंद. दुकान लिहिलं तर पट्टी भरता भरता घर जाईल. काय लिहू?"

तिनं पीठ झटकलं. वरसुद्धा बघितलं नाही.

"दुकानच लिहा. दुकानात तीस वर्षं मी काय केलं ते त्यानं मोजून नेलं. घरात तुम्ही काय केलंत, ते सांगा, म्हणजे घर लिहू."