इंजिनाला अमृत

गॅरेजच्या बाकावर कुरिअरवाला पंक्चर निघायची वाट पाहत बसला होता. शेजारी सासरे आणि सून, सुनेच्या मोटरसायकलसाठी खोळंबलेले. त्याचे कान आपसूकच तिकडे लागले.

"मामंजी, चढावर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पुढे सरकत नाही. कुठलं ऑइल ओतलंत?"

"सगळ्यात महागाचं! आपल्या कारला घालतो तेच. डब्यावर लिहिलंय, 'इंजिनाला अमृत'."

"इंजिनाला असेल. पण मोटरसायकलचा क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, तो घसरतोय. डब्यामागे मोटरसायकलचं मानक छापलं होतं का?"

"मागचं बारीक कोण वाचतं? आणि तेही कंपनीच छापते ना?"

"छापते. पण मानकासाठी आधी चाचणी द्यावी लागते. अमृताची कसली चाचणी?"

"एवढी मोठी कंपनी खोटं बोलेल होय?"

"खोटं कशाला? आपल्या मालाचं कौतुक सगळेच करतात. लग्न ठरवताना तुम्हीच म्हणाला होतात, 'आमचा मुलगा पहाटे उठून सगळं घर आवरतो.'"

कुरिअरवाल्याने हसू गिळलं.

"आज उठला होता का तो?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी निघाले तेव्हा घोरत होता."

सासरे खाकरले.

"मिस्त्री, सूनबाई सांगतील तेच ऑइल भरा."