न धुतलेला हात

१९६३ साल. इस्रायलमधल्या लोद गावच्या बसमध्ये शेणाचा वास आला म्हणून कोकणातून येऊन इथं वसलेली फ्लोरा नाकाला पदर लावून जागा बदलायला उठली, तोच मागच्या बाकावरून मराठी कानावर पडलं.

"अरे एलोजी, हात तरी धुवून निघायचंस!"

"आमच्या संशोधक साहेबांनी आज गाईच्या पोटात घालायला लावला."

"पोटात?"

"तिच्या कुशीला भोक पाडून झाकण बसवलंय. चरून आली की आतलं गवत काढून तपासतात. तिला दुखत नाही."

"बाप रे! कसं लागलं हाताला?"

"ऊन ऊन. आणि वास थेट आपल्या रेवदंड्याच्या गोठ्याचा."

"मग धुतला का नाहीस?"

"आयेला दिसत नाही आता. रोज विचारते, घर आलं का रे? आज हा हात तिच्या नाकाशी धरीन आणि सांगेन, आलं."

फ्लोरानं पदर खाली घेतला आणि ती पुन्हा तिथंच बसली.