शेहेचाळिसाव्या फेरीचा उमेदवार

कोलंबस शहरात न्हाव्याकडे माझ्यापुढे व्हिग पक्षाचे दोघे नंबर लावून बसले होते: लायमन, आणि पक्षाच्या सभेतून तीन दिवसांनी सुटलेला होरेस.

“ठरला का रे गव्हर्नरचा उमेदवार?”

“मतदानाच्या शेहेचाळिसाव्या फेरीला. एनॉस व्हिटलॉक.”

“हा कोण आणि?”

“कोणास ठाऊक. मागच्या बाकावरून कोणीतरी नाव घेतलं. बाकी प्रत्येकाच्या नावावर कोणी ना कोणी कोकलत होतं, याच्यावर कोणी हूं की चूं केलं नाही.”

“आणि तू मत दिलंस?”

“दिलं तर. त्याशिवाय जेवायला सोडत नव्हते.”

“तो सभेला नव्हता?”

“उमेदवार कधी सभेला येतो का? त्याने घरी बसायचं, आणि निरोप आला की नवरीसारखं लाजायचं. आमची माणसं गेलीसुद्धा, बँड घेऊन.”

“होरेस, व्हिटलॉक म्हणजे मेरियन गावचा, कातडी कमावणारा?”

“तोच. ओळखतोस?”

“अरे, तो डेमोक्रॅट आहे. समोरच्या हॉटेलात त्यांची सभा चाललीय ना, तिचा अध्यक्ष.”

“बोंबला. मग त्यांनीच का नाही उभा केला त्याला?”

“ते ओळखतात त्याला.”