पाटीवरचा कर्नल

श्रॉपशरमधल्या त्या खेड्यात, जनावरांच्या डॉक्टरांकडे, मर्टल कासवाचं खोकं मांडीवर घेऊन बसली होती. समोर एनिड आणि तिचा भाऊ विल्फ. दोघांच्या पायांवर त्यांचा कुत्रा कर्नल पसरला होता. 'कुत्रा आणि तित्तर' नावाच्या पबच्या पाटीवरचं चित्र, तो सडपातळ होता तेव्हा, त्याच्यावरूनच काढलेलं, हे गावाला ठाऊक होतं.

"काल पुन्हा त्याला पबात नेलंस, विल्फ," एनिड म्हणाली.

"लोक त्याला बघायला येतात गं."

"येतात आणि सॉसेज चारतात. हृदय थकलंय त्याचं."

"मग मी एकट्याने जाऊन भिंतीशी गप्पा मारू?"

"आणि ह्याच्यात बघायचं काय? पूर्वी तिथे शिकारी उतरायचे, म्हणून पबला ते नाव पडलं. ह्याच्या नाकावर तित्तर येऊन बसला तरी हा उठायचा नाही."

"तळलेला असला तर उठेल."

"डॉक्टरांनी काय बजावलं होतं? पाटीवरच्या कुत्र्यासारखा दिसेपर्यंत पब बंद."

"दिसतो आता."

"विल्फ, काय केलंस तू?"

"रंगाऱ्याला शिडीवर चढवलं. बिअरच्या दोन पेल्यांत तयार झाला."

"चित्रातला कुत्रा फुगवलास?"

"अगदी हुबेहूब आलाय."

मर्टलने खोक्यात मान घालून कासवाकडे बघायला सुरुवात केली.

"ती पाटी केवढीशी. मग तित्तर कुठे काढला?"

"त्याला जागाच उरली नाही."

"आणि पबचं नाव तेच? लोक विचारणार नाहीत, तित्तर गेला कुठे म्हणून?"

"अजून कुणी विचारलं नाही. पोट दिसतंय ना सगळ्यांना."